पत्र्याचा हिशेब

मित्रांनो, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसच्या पेपरला ‘शीट मेटल फॉर्मिंग’वर एक प्रश्न हमखास येतो. आपण पंच आणि डायची आकृती काढतो, ब्लँक होल्डरला बाण दाखवतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. त्या बाणाचा खरा अर्थ मला कळला तो मात्र आमच्या आबांच्या जीपमुळे.

माझे आजोबा ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते. रिटायर झाल्यावर १९८९ साली त्यांनी लष्कराच्या लिलावातून महिंद्राची एक जुनी जीप घेतली. दर २६ जानेवारीला गावातल्या शाळेच्या झेंडावंदनाला ते त्याच जीपने जायचे. जाताना आम्हा नातवंडांना अब्दुल हमीद यांची गोष्ट ठरलेली. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेला हवालदार! आबा गेले आणि जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेली. २०२४ च्या दिवाळीत मी घरी गेलो तर भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलेला. खूप विनवण्या केल्यावर बाबा म्हणाले, “२६ जानेवारीपर्यंत शाळेपर्यंत चालवून दाखव. नाहीतर मी अडवणार नाही.”

इंजिन दोन दिवसांत सुरू झालं. रडगाणं होतं ते मागच्या तळाच्या पत्र्याचं. त्यावर टाकलेल्या रबरी मॅटखाली वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार! पुन्हा, तो पत्रा सपाट नव्हता. त्यावर चार उभ्या पन्हळी दाबलेल्या होत्या. बाकी गाडी दुरुस्त होते, पण दाबलेला पत्रा नवा कसा आणायचा?

आधी हे पत्रे मुळात दाबतात का, ते पाहू. आपल्या जीपची पूर्वज म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ती सहा लाखांहून अधिक बनवली. विलीजच्या पहिल्या गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. फोर्डने तीच जाळी एका पत्र्यातून नऊ खाचा दाबून काढली. ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून १९४२ मध्ये विलीजनेही तीच घेतली. डाय बनवायला खर्च प्रचंड, पण तो लाखो नगांवर वाटला की नगामागे काहीच नाही. युद्धानंतर १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही घडण आपल्याकडे आली.

पन्हळीचं दुसरं काम ताकदीचं. घरावरचा पन्हळी पत्रा आठवा. आमचा पत्रा गंज नसलेल्या जागी मोजला तर १.२ मिमी भरला. दर १०० मिमीवर एक पन्हळ, रुंदी २४ मिमी, खोली ६ मिमी. मोमेंट ऑफ इनर्शिया काढून पाहा. १०० मिमी रुंदीच्या सपाट पत्र्याचा येतो १४.४, आणि पन्हळ दाबली की सुमारे ५००. म्हणजे पन्हळीच्या दिशेने कडकपणा जवळजवळ ३५ पट, आणि धातू लागतो जेमतेम ४ टक्के जास्त! (आडव्या दिशेला मात्र काही फायदा नाही, हे वायव्हाला विसरू नका.) जीपच्या मागे लटकवतात त्या जेरीकॅनच्या अंगावर जी फुली दाबलेली असते, तिचंही मुख्य काम हेच.

तर हा ४ टक्के जास्तीचा धातू कुठून येतो? सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे, आणि मी तो विचारलाच नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या अण्णांकडे वीस टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. २८ मिमीचा गोल बार हा पंच आणि जाड प्लेटवर वेल्ड केलेल्या दोन पट्ट्यांमधली खाच ही डाय, असं साधं टूल आम्ही तयार केलं. मी जुन्या पत्र्याचं माप घेऊन ५२० मिमी रुंदीचा नवा पत्रा अगदी काटेकोर कापून नेला. बोल्टची भोकंसुद्धा पाडून! अण्णांनी पत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “दाब की. शिकशील.”

मी आधी दोन्ही कडेच्या पन्हळी दाबल्या आणि मग मधल्या. शेवटच्या पन्हळीच्या टोकाला ‘टच्’ असा आवाज होऊन पत्रा फाटला. बाहेर काढून मोजला तर मधोमध ५०७ मिमी आणि टोकांना ५१८. भोकं सरकलेली, आणि सगळा पत्रा पापडासारखा वाकलेला.

“आरं, पत्रा काय रबर हाय व्हय?” अण्णा म्हणाले. “पन्हळीत जे गेलं ते कुठनंतरी आलंच की.”

मग वहीत आकृती काढली. २४ मिमीच्या सपाट पट्टीवर ६ मिमी खोल कमान काढली की कमानीची लांबी होते २७.८ मिमी. एका पन्हळीला ३.८ मिमी जास्त, चार पन्हळींना १५ मिमी. हे १५ मिमी दोनच ठिकाणांहून मिळू शकतात. एकतर पत्रा कडेकडून आत सरकतो, नाहीतर पन्हळीतला पत्रा ताणून पातळ होतो. माझा पत्रा मोकळा होता, म्हणून तो सरकला. पण पन्हळींच्या टोकांपलीकडचा भाग सपाटच होता, तो आखडला नाही. मध्ये आखडलेला आणि टोकांना न आखडलेला पत्रा वाकडा होणारच! आणि मधल्या पन्हळी शेवटी दाबल्यामुळे त्यांना धातू ओढून घ्यायला दोन्ही बाजूंनी वाटच उरली नव्हती. म्हणून तिथे फाटला.

कारखान्यात ब्लँक होल्डर पत्रा कडेने घट्ट धरतो. मग धातू बाहेरून फारसा येत नाही, पन्हळीतच ताणला जातो. ३.८ भागिले २४ म्हणजे सुमारे १६ टक्के ताण, जो ड्रॉइंग ग्रेडचा चांगला सीआरसीए पत्रा आरामात सोसतो. आपण आकृतीत जो बाण काढतो, तो हा!

दुसऱ्या खेपेला केलेले बदल सांगतो. कोणाला उपयोगी पडतील.

१) पत्रा चारही बाजूंनी ४० मिमी मोठा घेतला. अंतिम माप आणि भोकं सगळ्यात शेवटी.

२) पंचाच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या बोल्टने आवळून पत्रा धरला. फार आवळला तर फाटतो, सैल ठेवला तर सरकतो आणि सुरकुत्या पडतात. दोन टाकाऊ तुकड्यांवर आधी अंदाज घेतला.

३) मधल्या दोन पन्हळी आधी, कडेच्या नंतर.

४) बारची टोकं ग्राइंडरने गोल केली आणि डायच्या खाचेच्या कडांनाही ६ मिमीची गोलाई दिली. धारदार कड पत्र्याला चावते.

५) पत्रा आणि डाय यांच्यामध्ये धुतलेल्या दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक. तेलापेक्षा छान सरकतं. ही अण्णांची युक्ती.

६) कडा ९० अंशांत हव्या असतील तर दोन-तीन अंश जास्त वाकवा. सोडल्यावर पत्रा तेवढा परत उघडतो, हाच आपला स्प्रिंगबॅक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना पत्रा कापण्याआधी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, पन्हळींचा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा आणि फोटो काढा. गंजका असला तरी मूळ नमुना तो एकच असतो. एकदा कटर फिरला की विचारायला कोणी उरत नाही.

तिसऱ्या दिवशी पत्रा निघाला. थोडा बाक होता, तो मोगरी आणि डॉलीने काढला. मूळ पत्रा खालच्या चॅनेलला स्पॉट वेल्डने जोडलेला होता. आमच्याकडे ते मशीन नाही, म्हणून भोकं पाडून प्लग वेल्ड केलं. दोन पत्र्यांच्या बेचक्यातच पाणी अडून गंज सुरू होतो, त्यामुळे जोडण्याआधी दोन्ही अंगांना वेल्डिंग सोसणारा प्रायमर लावला. रबरी मॅट मात्र परत टाकली नाही.

शेवटी एक वाद झाला. मित्र म्हणाला, रंग दिल्यावर हा ओरिजिनल पत्रा म्हणून खपेल. मला ते पटेना. आबांनी दुरुस्तीची वही कधी खोटी लिहिली नसती. म्हणून पत्र्याच्या खालच्या अंगाला नंबर पंचने ‘२०२५’ ठोकून ठेवलं. पुढे कोणी गाडी खोलली तर त्याला कळावं की हा भाग नंतरचा आहे.

२६ जानेवारीला जीप शाळेच्या फाटकापर्यंत गेली. मागच्या कोपऱ्यात पाय ठेवला की पत्रा अजून ‘टॉक’ वाजतो. तिथे पन्हळ पुरेशी पोहोचलेली नाही. बाबांनी मुद्दाम दोनदा पाय देऊन तो आवाज ऐकला आणि म्हणाले, “हा कोपरा पुढच्या सुट्टीत.” भंगारवाल्याचा विषय काही निघाला नाही.

तर मित्रांनो, परीक्षेत डाय आणि पंचची आकृती जरूर काढा. फक्त बाण काढताना स्वतःला एकदा विचारा, हा धातू आला कुठून?