भीतीचे माप आणि मराठी भाषा

ताप थर्मामीटरने मोजता येतो. भीती मोजावयाची तर माणसालाच विचारावे लागते, आणि विचारावयाचे म्हटले की भाषा आलीच. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही अडचण नित्याची आहे. कोरोनाच्या साथीने ती जगभर एकाच वेळी उभी केली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात इराणमधील ७१७ व्यक्तींच्या उत्तरांवर आधारलेली एक मापनी प्रसिद्ध झाली. अहोर्सू, लिन, पाकपूर आदी संशोधकांनी ती तयार केली. तीत अवघी सात विधाने आहेत. प्रत्येक विधान कितपत पटते त्यानुसार १ ते ५ गुण. म्हणजे एकूण गुण ७ ते ३५. पुढे बंगाली, इटालियन, तुर्की, हिब्रू अशा अनेक भाषांत तिची रूपांतरे झाली.

सात विधानांचे भाषांतर म्हणजे एका दुपारचे काम, असे कोणासही वाटेल. मी ती मराठीत उतरवू लागले आणि पहिल्याच विधानाशी थबकले. इंग्रजी शब्दयोजनेतून तेथे दोन अर्थ निघतात: कोरोनाची 'फार' भीती वाटते, किंवा इतर सर्व गोष्टींपेक्षा 'अधिक' भीती वाटते. मराठीला यांतील एक निवडावाच लागतो. ज्याला रोजगार बुडण्याची धास्ती रोगाहून मोठी आहे, तो पहिल्याला 'होय' म्हणेल व दुसऱ्याला 'नाही'. माणूस तोच, गुण मात्र वेगळे!

दुसरी अडचण आपल्या वाक्प्रचारांची. भीतीने आपले हातपाय गार पडतात, घाम फुटतो, झोप उडते. परंतु हे सारे आपण प्रत्यक्ष घाम न येताही म्हणतो. मापनीला हवा आहे तो खराखुरा घाम. म्हणून 'तळहात घामाने ओले होतात' असे साधे लिहिणे बरे. 'जीव घाबरा होतो' हा प्रयोग तर मनाचा की शरीराचा, हेच सांगता येत नाही. हा भेद क्षुल्लक नव्हे. इराणी अभ्यासात सातही विधाने एकाच घटकात बसली. इस्रायलमधील हिब्रू रूपांतरात मात्र भावनिक भीती आणि शारीरिक लक्षणे असे दोन घटक निघाले. संदिग्ध शब्द वापरला तर मराठीत नेमके काय घडते ते कळणारच नाही.

यासाठी एक रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावयाचे, ते ताडून एक मसुदा करावयाचा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यावयाचा. पण एवढ्यावर विसंबू नये. 'माझे हृदय वेगाने धावते' हे वाक्य इंग्रजीत बिनचूक परत जाईल. तरी आपल्या घरात असे कोण बोलते? आपल्या 'छातीत धडधडते'. म्हणून तो मसुदा सामान्य माणसांना वाचून दाखवून, 'यातून तुम्हांला काय समजले?' असे विचारणे अगत्याचे असते.

त्यानंतर आकडेशास्त्र येते. विधाने परस्परांशी सुसंगत आहेत का, काही दिवसांनी त्याच व्यक्तीचे गुण साधारण तेच येतात का, ही झाली विश्वसनीयता. मूळ मापनीचा सुसंगतीचा गुणांक ०.८२ होता. पण चुकीचा तराजूही दर वेळी तेच वजन दाखवू शकतो. म्हणून यथार्थता पाहावी लागते: चिंता मोजणाऱ्या प्रस्थापित चाचणीशी हे गुण जुळतात का? मूळ भाषेतील आकडे भाषांतराला आपोआप लागू होत नाहीत. ते नव्याने मिळवावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? अशा गुणांवरून कोणाला समुपदेशनाची गरज आहे ते ठरविले जाऊ शकते. शब्द चुकला तर धडधाकट माणूस भित्रा ठरेल, आणि रात्र रात्र जागणारा नजरेतून निसटेल. शिवाय मापनी विचारते तेवढेच मोजते. १८९७ मध्ये पुण्यात लोक प्लेगइतकेच घरझडत्यांना आणि सक्तीच्या विलगीकरणाला भ्याले होते. २०२० मध्येही घरच्यांची काळजी, एकटे पडण्याचे भय आपण पाहिले. या सात विधानांत त्यांना जागा नाही, आणि भाषांतरकाराने ती पदरची घालूही नयेत. त्यांसाठी वेगळी मापनीच रचावी लागेल.

५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. पुढची साथ केव्हा येईल कोणी सांगावे? ती आली तर आपल्या माणसांना त्यांच्या भीतीविषयी त्यांच्याच बोलीत विचारता यावे, ही तयारी मानसशास्त्र आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून आजच करावयास हवी.