पिक्सेलची माळ कोठे अडते?

गणेशोत्सव असो वा शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक असो, बेळगावात रोषणाईवाचून उत्सव पार पडत नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडेही तीच रीत आहे. अलीकडे साध्या रंगीत बल्बांच्या माळांची जागा पुष्कळ ठिकाणी पिक्सेल दिव्यांनी घेतली आहे. या माळेतील प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो; म्हणूनच कमानीवर अक्षरे धावतात आणि मोराचा पिसारा उलगडतो. परंतु माळ बिघडली की ती जुन्याच समजुतीने तपासली जाते, चांगले दिवे कापून टाकले जातात आणि वर्गणीचा पैसा वाया जातो. दोष शोधण्याची रीत ठाऊक असली तर हा खर्च टळू शकतो. तीच रीत येथे थोडक्यात मांडत आहे.

वीज समांतर, निरोप एकसर

जुन्या माळेत छोटे बल्ब एकामागून एक, म्हणजे एकसर जोडलेले असत. एक बल्ब गेला की प्रवाह खंडित होऊन सारी सर विझे. पिक्सेलच्या माळेत तीन तारा असतात: अधिक, वजा आणि डेटा. पहिल्या दोन तारा सर्व दिव्यांना समांतर वीज पुरवतात. तिसरी तार मात्र एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. म्हणजे वीज समांतर आणि निरोप एकसर. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

हा निरोप कसा जातो? पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा पहिल्या माणसाच्या हाती देतात. तो वरची एक आपल्यापुढे ठेवतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो. चीनच्या वर्ल्डसेमी कंपनीची डब्ल्यूएस २८११ ही चिप नेमके हेच करते. आलेल्या निरोपातील पहिले २४ बिट, म्हणजे तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रत्येकी ८, ती स्वतःसाठी घेते आणि बाकीचे ताजे करून पुढे पाठवते. पंगतीत एकाने गठ्ठा अडवला तर त्याच्या पलीकडे कोणालाच पत्रावळ मिळत नाही. माळेतही तसेच घडते.

सीमेवरचे दोन दिवे

माळ निम्म्यापर्यंत नीट चालते आणि पुढे अंधार, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी पुढचे पंचवीस दिवे गेले असे समजू नये. नीट चालणारा शेवटचा दिवा आणि न चालणारा पहिला दिवा, या दोघांतच बहुधा दोष असतो. एक तर दोघांमधील तार वा सोल्डर सुटलेले असते, नाहीतर पुढच्या दिव्याला निरोप घेता येत नसतो, किंवा मागच्या दिव्याला तो पुढे देता येत नसतो. मागचा दिवा स्वतः उत्तम चालत असल्याने त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. परंतु स्वतःपुरते घेऊन पुढे न देणारे पंगतीतही असतातच! प्रथम जोड तपासावा, मग पुढचा दिवा बदलावा, तरीही माळ अडली तर मागचा बदलावा.

पुढचे दिवे विझण्याऐवजी एकाच रंगात थिजून राहिले, तर वीज पोचते आहे आणि निरोप तुटला आहे असे समजावे. पूर्ण अंधार असेल तर आधी तेथे मीटर लावून वीज पाहावी.

पहिलाच दिवा लागत नसेल तर

येथे तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, वीज: पॉवर सप्लायपाशी आणि पहिल्या दिव्यापाशी व्होल्टेज मोजावे. दुसरी, दिशा: डेटा एकाच दिशेने जातो. दिव्यावर बाण असतो, तो कंट्रोलरपासून दूर जाणारा हवा. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण ते प्रत्येक मालात सारखे नसतात. तिसरी, वजा तार: कंट्रोलर आणि दिवे वेगवेगळ्या सप्लायवर असतील तर दोघांची वजा एकत्र जोडलेलीच हवी. डेटाचे व्होल्टेज वजा तारेपासून मोजले जाते. जमीनच वेगळी असेल तर उंची कशी मोजणार?

पांढऱ्याचा तांबूस होणे

आरंभी शुभ्र असलेला प्रकाश शेवटाकडे पिवळट, तांबूस होतो. हा दिव्यांचा दोष नव्हे. ५ व्होल्टचा एक दिवा पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. ५० दिव्यांच्या माळेला ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. इतका प्रवाह बारीक तारेतून जाताना वाटेत व्होल्टेज गळते. निळ्या व हिरव्या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला सुमारे २. म्हणून निळा-हिरवा आधी मंदावतो आणि तांबडा उरतो. उपाय हा की जाड तारेने माळेच्या शेवटीही अधिक व वजा दोन्ही आणून जोडावेत. दोन सप्लाय वापरल्यास त्यांच्या अधिक तारा वेगळ्या ठेवाव्यात, वजा मात्र एक करावी.

उगाच लुकलुकणे

दिवे वेडेवाकडे लुकलुकत असतील तर वजा तार पुन्हा तपासावी. मग कंट्रोलर ते पहिला दिवा हे अंतर पाहावे. ही तार लांब असेल तर निरोप अस्पष्ट होतो. ती आखूड करावी आणि जनरेटर वा ध्वनिक्षेपकाच्या तारांपासून दूर ठेवावी. काही कंट्रोलर ३.३ व्होल्टचाच निरोप देतात; ५ व्होल्टच्या चिपला तो साधारण ३.५ व्होल्टचा तरी हवा असतो. तेथे व्होल्टेज वाढवणारी छोटी चिप मध्ये घालावी लागते. तांबड्याच्या जागी हिरवा दिसत असेल तर मात्र वायरिंगला हात लावू नये. तो रंगांच्या क्रमाचा प्रश्न आहे आणि कंट्रोलरच्या सेटिंगमध्येच सुटतो.

सर्वांत महत्त्वाचे

५ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून माणसे निर्धास्त होतात. पण सप्लायच्या ज्या पट्टीवर ५ व्होल्टचे स्क्रू असतात, त्याच पट्टीवर २३० व्होल्टचेही असतात. भाद्रपदातला आमच्याकडचा पाऊस आणि ओला मांडव लक्षात घेता सप्लाय बंद पेटीत ठेवावा, अर्थिंग द्यावे, ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवावा आणि मुख्य वीज बंद केल्याखेरीज जोड उघडू नये. प्रत्येक माळेला वेगळा फ्यूज असावा; कमी व्होल्टेजचाही मोठा प्रवाह तार तापवून कापड पेटवू शकतो.

तेरीज जुळली नाही तर आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी सारी खतावणी नव्याने लिहीत नाही. चूक कोणत्या पानापर्यंत नाही ते आधी ठरवतो. सप्लाय वारंवार बंद पडत असेल तर हीच युक्ती करावी: वीज बंद करून निम्म्या माळा सोडवाव्यात, मग चालू करून दोष कोणत्या निम्म्यात उरतो ते पाहावे, आणि त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. प्रत्येक जोडावर चिठ्ठी लावून क्रमांक घालावा. मांडवात कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड. क्रमांक दोघांनाही कळतो. कात्री हाती घेण्यापूर्वी वीज अडली की निरोप अडला, एवढे विचारले तरी निम्मे काम झाले.