दुधाविना एक वर्ष

सरत्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकजण आपापला जमाखर्च मांडतो. व्यापारी रोकडवहीचा मांडतो, शेतकरी पिकाचा आणि विद्यार्थी गुणांचा. यंदा मी माझ्या ताटाचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवणार आहे. गेल्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी मी दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध यांचा त्याग केला. मांस, मच्छी व अंडी आमच्या घरी पूर्वीपासूनच नव्हती. म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे कोणतेही अन्न आता मी घेत नाही. या आहारपद्धतीला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द फार जुना नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली, तेव्हा तो रूढ झाला. आपल्या देशात २०२२ साली अशा पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले.

‘शाकाहारी माणसाने दूध का सोडावे?’ हा प्रश्न मला वर्षभर विचारला गेला. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. परंतु पिशवीतले दूध पिणाऱ्याला त्याचा विसर पडतो. गाय नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते आणि व्यायल्यावर साधारण दहा महिने दूध देते. धंदा चालायचा तर ती जवळजवळ दरवर्षी व्यायली पाहिजे. जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे असतात. कालवड ठेवली जाते. गोऱ्ह्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मला अस्वस्थ करीत होता आणि त्यातूनच हा निश्चय झाला.

माझे गाव पांढुर्णा आणि सौंसर यांच्या दरम्यान आहे. हा मुलूख मध्यप्रदेशात असला तरी घराघरांत मराठी बोलली जाते. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही पलीकडे राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. भाषेच्या सीमेवर राहणे म्हणजे काय, हे या अंकाच्या मराठी-कानडी वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

दूध सोडल्यावर खायचे काय, ही भीती निराधार ठरली. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, गोळाभात हे आमच्याकडचे नेहमीचे जेवण. यांपैकी कशालाच दुधाची गरज नाही. गरिबाच्या घरी तर दूध-तूप सणासुदीलाच दिसे. इकडे आल्यावर आवडू लागलेला कुंदा मात्र सोडावा लागला, आणि सकाळच्या चहाने पहिले दोन महिने चांगलेच छळले.

परंतु उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. सूक्ष्मजंतू ते तयार करतात आणि प्राणिजन्य अन्नातून ते आपल्यापर्यंत पोहोचते. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकीच आहे. पण ती न भागल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा कळते. म्हणून मी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतो. कॅल्शियमसाठी नाचणी व तीळ उपयोगी पडतात. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. मात्र धान्यातले सगळेच अंगी लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरी परीक्षा पोळ्याला झाली. तुमच्याकडे कारहुणवीला किंवा बेंदराला बैल सजतात, तसे आमच्याकडे श्रावण अमावास्येला सजतात. आदल्या दिवशी हळद-तुपाने त्यांचे खांदे शेकतात. सणाच्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य होतो. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे तो दुसऱ्या दिवशी जाम नदीवर सावरगावशी होणाऱ्या गोटमारीमुळे. आमच्या घरी यंदा सणाच्या दिवशीच शब्दांची गोटमार झाली. मी तूप नको म्हणताच आजीचा हात थांबला.

“काहून रे बाबू, गायीनं तुले काय केलं?”

मी तिला गोऱ्ह्यांची सारी हकिकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि कोठ्याकडे बोट दाखविले. तिथे जूनमध्ये जन्मलेला आमच्या संकरित गाईचा गोऱ्हा बांधला होता. बाबा त्याला बाजारात काढण्याच्या विचारात होते.

“दूध तं तू सोडलं. पण ह्या गोऱ्ह्याले कोन पोसन?”

मला उत्तर सुचले नाही.

पूर्वी या प्रश्नाला उत्तर होते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातली गवळाऊ जात रंगाने पांढरी, अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ. गाईचे दूध बेताचेच. पण तिचा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. वखर, डवरा आणि बंडी त्याच्याच खांद्यावर चाले. पुढे ट्रॅक्टर आला. १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने दुधाला शहराची बाजारपेठ मिळवून दिली आणि जास्त दुधासाठी संकरित गाई आल्या. त्यांच्या गोऱ्ह्याला पुरेसे वशिंड नसते, त्यामुळे खांद्यावर जू नीट टिकत नाही. आमचे ऊनही त्याला सोसत नाही. म्हणून तो जन्मतःच नकोसा होतो.

अशा वेळी मला गांधीजींची आठवण होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे गाई-म्हशींवर होणारे अत्याचार कळल्यावर दुधाविषयी त्यांना तिटकारा वाटू लागला. १९१८ साली ते आमांशाने अत्यवस्थ झाले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचविला आणि त्यांनी तो पत्करला. परंतु आपण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गमावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. माझ्या बाबतीत दूध न पिणे हे व्रताचे अक्षर होते. त्याचा आत्मा आमच्या कोठ्यात दाव्याला बांधलेला होता आणि तो आजीने मला दाखविला.

त्या दिवसापासून दुधाचे वाचलेले पैसे आणि त्यांत थोडी भर घालून मी दरमहा कुटार व ढेपेसाठी घरी पाठवितो. बाबांनी गोऱ्हा अजून विकलेला नाही. पुढच्या वर्षी काय होईल ते मी सांगू शकत नाही. बाबांच्या संसाराला त्या गाईच्या दुधाचा आधार आहे, हेही मला ठाऊक आहे. एक गोऱ्हा पोसल्याने प्रश्न सुटत नाही. शिवाय आंबिया बहाराचे संत्रे सोलताना आठवते की, त्या झाडाच्या आळ्यात आमच्याच कोठ्यातले शेणखत पडले आहे. म्हणजे माझ्या ताटातून गाय पुरती गेलेली नाही. हे कळल्यापासून दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखविण्याचा माझा उत्साह ओसरला आहे. निश्चय मात्र कायम आहे.

वाचकांनी दूध सोडावे, असा माझा आग्रह नाही. ज्यांच्या घरी दूध येते त्यांनी एकदा दूधवाल्याला गोऱ्ह्याविषयी विचारावे, एवढीच विनंती आहे. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीने माझ्या पानात तुपाऐवजी तिळाचे तेल वाढले. ती काही बोलली नाही. जेवण झाल्यावर मी कोठ्यात जाऊन गोऱ्ह्यापुढे कुटार टाकले.