टीव्हीवरचं रेकॉर्डिंग डीव्हीडीत मावत नाही? आधी जाहिराती कापा, मग डीव्हीडी मारा

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक आजी राहतात. त्यांचे मालक दूरदर्शनच्या शेतीच्या कार्यक्रमात दिसले होते. द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून छाटणीबद्दल बोलले होते. कार्यक्रम नक्की किती वाजता लागणार ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून नातवाने फ्री डिशच्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला आणि दुपारपासून रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. चार तास चाललं. पुढच्याच वर्षी बाबा गेले.

आजींना मोबाइल जमत नाही. घरात जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याचं बटण तेवढं कळतं. म्हणून मुलाने पेन ड्राइव्ह तालुक्याला एका स्टुडिओत नेला आणि ‘याची डीव्हीडी मारून द्या’ म्हणाला. स्टुडिओवाल्याने चारही तास दाबून एकाच डिस्कमध्ये कोंबले. घरी लावून बघतात तर बाबांचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन. वाऱ्याने पानं हलली की सगळं चित्रच फुटायचं. एवढ्यात पेन ड्राइव्हवर कुणीतरी गाणी भरली होती. नशीब, मूळ फाईल नातीच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये पडून होती.

हे का झालं ते समजून घेऊ, म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग वाया जाणार नाही.

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला लावली की तीच डिस्क ४.३८ जीबी दाखवते. यात फसवणूक काही नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. पण ४.५ जीबीची फाईल ‘मावायला पाहिजे’ असं वाटतं आणि मावत नाही, त्याचं कारण हेच.

आता फाईल मोठी का होते ते बघा. व्हिडिओच्या दर सेकंदाला काही माहिती खर्च होते, तिला बिटरेट म्हणतात. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चॅनेलचा बिटरेट समजा ३ एमबीपीएस असेल, तर तासाला साधारण १.३५ जीबी जागा लागते. चार तासांचे झाले ५.४ जीबी. डिस्कच्या बाहेर गेलंच. मग स्टुडिओवाला सॉफ्टवेअरला सांगतो, ‘एका डिस्कमध्ये बसव’. सॉफ्टवेअर बिचारं हुकमाचं ताबेदार, ते बिटरेट उतरवतं. स्थिर चित्राला कमी माहिती चालून जाते, पण हलणारी पानं, पाणी, गर्दी, खालून सरकणारी पट्टी यांना जास्त लागते. ती मिळाली नाही की चौकोन दिसायला लागतात.

गंमत अशी की आजींना चार तास नकोच होते. त्यांना बाबांचा तेवढा भाग पाहिजे होता. म्हणून पहिलं काम दाबायचं नाही, कापायचं. आणि कापताना फाईल पुन्हा एन्कोड होऊ द्यायची नाही. एन्कोड म्हणजे चित्र उलगडून परत नव्याने बांधणं, आणि दर वेळी त्यात थोडी झीज होते. दुधात पाणी घातल्यासारखं आहे, घातलेलं पाणी परत काढता येत नाही. नुसतं कापलं तर उरलेलं चित्र जसंच्या तसं राहतं.

यासाठी कॉम्प्युटरवर एव्हीडीमक्स किंवा लॉसलेसकट ही फुकट सॉफ्टवेअर चालतात. एव्हीडीमक्समध्ये फाईल उघडा. व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीला ‘कॉपी’ ठेवा, हे विसरलात तर सगळं मुसळ केरात. जाहिरात सुरू होते तिथे ‘ए’ खूण, संपते तिथे ‘बी’ खूण, मग डिलीट. खुणा करताना कीबोर्डवरचे वर-खालीचे बाण वापरा, ते एका की-फ्रेमवरून दुसऱ्या की-फ्रेमवर उडी मारतात. की-फ्रेम म्हणजे ज्यात अख्खं चित्र साठवलेलं असतं ती फ्रेम. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच असतं, तिथे कात्री मारली तर सांध्यावर चित्र चिरफाळतं. अशा की-फ्रेम टीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण अर्ध्या-एक सेकंदाला एक येतात, त्यामुळे जाहिरातीचा किंचित तुकडा राहून जाईल. राहू द्या. शेवटी ‘एमपीईजी-पीएस’ प्रकारात नव्या नावाने सेव्ह करा.

बऱ्याच जणांना एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन फाईली मिळतात आणि रेकॉर्डिंग बिघडलं असं वाटतं. तसं नसतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल राहूच शकत नाही, म्हणून बॉक्स तुकडे करतो. एव्हीडीमक्समध्ये पहिली फाईल उघडून पुढची ‘अपेंड’ने जोडा, क्रम तेवढा चुकवू नका.

महिन्याचे पैसे भरायच्या डिशवाल्यांच्या बॉक्सचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सला कुलूपबंद असतं. ते कॉम्प्युटरवर उघडणार नाही, आणि ‘उघडून देतो’ म्हणणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. फ्री डिशवर बिनकुलपाचे चॅनेल आहेत, त्यांची फाईल बहुधा सरळ उघडते.

मोबाइलचं काम इथे थोडंच आहे, पण उपयोगाचं आहे. पेन ड्राइव्ह ओटीजीने मोबाइलला लावा आणि मीडियाइन्फो नावाच्या ॲपमध्ये फाईल उघडा. तीन गोष्टी बघायच्या. एक, व्हिडिओ एमपीईजी-२ आहे का. दोन, रुंदी-उंची ७२० बाय ५७६ किंवा ७०४ बाय ५७६ आहे का. तीन, आवाज ४८ किलोहर्ट्झचा आहे का. तिन्ही जुळलं तर एन्कोड न करता डीव्हीडी होऊ शकते. काही चॅनेल ५४४ बाय ५७६ मध्ये येतात, ते टीव्हीला चालतं पण डीव्हीडीच्या नियमात बसत नाही. एचडी तर नाहीच बसत. तिथे एन्कोड करावंच लागतं. मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये मात्र कापाकापी करू नका, बहुतेक ॲप पुन्हा एन्कोड करतात आणि काही वर आपला शिक्काही मारतात. स्टुडिओवाल्याला फाईल व्हॉट्सॲपने व्हिडिओ म्हणून तर अजिबात पाठवू नका, ती वाटेतच चेपली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, पण २ जीबीपर्यंतच. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने जाणं बरं.

कापूनही फाईल मोठीच राहिली तर? आषाढीला पंढरपूरच्या महापूजेचं थेट प्रक्षेपण कुणी रेकॉर्ड केलं, त्यात कापायचं काय? मग हिशोब करा. ६०० ला कार्यक्रमाच्या मिनिटांनी भागा. येईल तो एकूण बिटरेट, त्यातून ०.२ आवाजासाठी वजा करा. दोन तासाला, म्हणजे १२० मिनिटांना, ६०० भागिले १२० म्हणजे ५. व्हिडिओला ४.८ उरले, चित्र छान येतं. तीन तासाला ३.३ येतात, चालून जातं. चार तासाला २.५, आणि इथे चौकोन सुरू होतात. एवढं लांब असेल तर सरळ दोन डिस्क करा. ८.५ जीबीची दोन थरांची डिस्कही असते, पण ती महाग पडते आणि जुने प्लेअर कधी कधी तिच्यावर अडतात. उलट्या बाजूनेही चूक होते बरं का. रेकॉर्डिंग मुळात ३ चं असताना काही जण ८ चा बिटरेट टाकतात. चित्र सुधारत नाही, फाईल फक्त फुगते.

आता डीव्हीडी मारणं. फाईल नुसती डिस्कवर कॉपी केली की जुना प्लेअर ती ओळखत नाही. त्याला व्हिडिओ डीव्हीडीच लागते, जिच्यात ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर असतं. डीव्हीडी स्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर ते बनवून देतं, मेनूसकट. तिथे पाल प्रकार निवडा आणि फाईल नियमात बसत असेल तर इथेही ‘कॉपी’च ठेवा. चांगली डीव्हीडी-आर डिस्क घ्या आणि वेग कमी, ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवा. डिस्कवर बॉलपेनने लिहू नका, कागद चिकटवू नका, मार्कर वापरा.

स्टुडिओत जाणार असाल तर तिथे एवढंच म्हणा: ‘भाऊ, आधी नको ते काप, एन्कोड न करता काप, मग व्हिडिओ डीव्हीडी मार. आणि माझी मूळ फाईल पुसू नको.’ मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. घरी रंगवलेली डिस्क आतल्या रंगाच्या थरावर चालते, उन्हात आणि दमट कपाटात तो थर खराब होतो. आणि हो, टीव्हीवरचा कार्यक्रम घरच्यांना बघायला ठेवणं वेगळं, त्याच्या डिस्क विकणं किंवा यूट्यूबवर टाकणं वेगळं. त्याचा हक्क चॅनेलचा असतो.

नातीच्या लॅपटॉपमधल्या फाईलीवर आम्ही कात्री चालवली. ५.४ जीबीतून बाबांचा भाग निघाला २६ मिनिटांचा, ६०० एमबीच्या आत. एन्कोड केलाच नाही. डिस्क तिथेच आजींच्या प्लेअरला लावून बघितली. पानं हलतात, बाबांच्या टोपीची घडीसुद्धा दिसते. आजींनी दोन डिस्क मागून घेतल्या, एक लेकीकडे पाठवायला.