गरिबी हटली तर पोरांचं मन सावरतं का? एका कॅसिनोची गोष्ट

'बालपणातील कौटुंबिक अडचणी आणि प्रौढपणीचे मानसिक आरोग्य' असा विषय घेऊन पीएचडीच्या मुलाखतीला गेलात, तर एक प्रश्न येणारच: "संबंध आहे हे मान्य, पण तेच कारण आहे कशावरून?"

संबंध दाखवणं तसं सोपं. फेलिटी आणि अँडा यांच्या १९९८ च्या अमेरिकी अभ्यासात, लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन अशा चार किंवा जास्त प्रकारच्या अनुभवांतून गेलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. पण ही माहिती मोठेपणी आठवून दिलेली. शिवाय आनुवंशिकता, वस्ती, शाळा हे सगळं त्यात मिसळलेलं. आणि प्रयोग करायचा म्हणून आपण काही पोरांना मुद्दाम गरिबीत ठेवू शकत नाही!

इथे नशिबाने मदत केली. जेन कॉस्टेलो यांचा गट १९९३ पासून नॉर्थ कॅरोलायनात ९ ते १३ वयाच्या १,४२० मुलांच्या नियमित मुलाखती घेत होता. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी आदिवासी. अभ्यास चालू असतानाच त्यांच्या राखीव क्षेत्रात कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. कोण कष्टाळू, कोण व्यसनी, असलं काही बघितलं नाही. म्हणजे पैसा कुणाला मिळणार हे त्या घराच्या वागण्यावर ठरलंच नाही. यालाच नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

निकाल मात्र सरळसोट नाही. जी कुटुंबं गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांमधला आडदांडपणा, उद्धटपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका झाला. चिंता आणि नैराश्य? त्यात फारसा फरक नाही. (असा अर्धामुर्धा निकालही जसाच्या तसा छापला, हे मला फार आवडतं.) विश्लेषणात एक दुवा ठळक दिसला: आईवडिलांचं मुलांवरचं लक्ष वाढलं होतं.

पुढे २०१० मध्ये हीच मुलं तरुण झाल्यावरचे आकडे आले. कॅसिनो आला तेव्हा जी सर्वांत लहान होती, त्यांच्यात मोठेपणी मानसिक विकार, विशेषतः दारू आणि गांजाच्या समस्या, जमातीतल्या मोठ्या मुलांपेक्षा कमी होत्या. त्यांना पैशाचा आधार जास्त वर्षं मिळाला होता.

आता तुम्ही परीक्षक असाल तर काय विचाराल? मी विचारेन: कॅसिनोने वाटा दिला तशा नोकऱ्याही आणल्या. मग परिणाम नेमका कशाचा?