नवी चित्रपाटी

पेण तालुक्यांतील ज्या गागोद्यास 1895 सालीं विनोबा जन्मले, तेथें आज संगणकास जोडावयाची चित्रपाटी, म्हणजे ड्रॉइंग टॅब्लेट, नेली तर उपयोग काय? पुष्कळ पाट्यांत पृष्ठाखालील तारांचें जाळें चुंबकीय लहरींनीं लेखणीस शक्ति पुरवितें व तिचें स्थान टिपतें. म्हणून लेखणींत सेल लागत नाहीं. परंतु साध्या चित्रपाटीवर हात चालतो खालीं आणि रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. दगडी पाटीवर हात व दृष्टि एकत्र असतात. येथें त्यांची फारकत होते. यास्तव घरीं लहानग्यांस आधीं पाटी-पेन्सिलच द्यावी. मोठ्यांनीं प्रथम रेघा व वर्तुळें गिरवावींत. वर्गांत मात्र हाच दोष गुण ठरतो : आकृति काढतांना गुरुजींस मुलांकडे पाठ करावी लागत नाहीं.