३४ आणि ३६ यांतला फरक

हातच्याची वजाबाकी शिकवायला घेण्याआधी तिसरीच्या वर्गाला मी एक उदाहरण तोंडी सांगते : त्रेपन्न वजा सत्तावीस. मुलांनी ते आपापल्या वहीत मांडायचं, सोडवायचं आणि वही उघडी ठेवायची. मग मी ओळीओळीने फिरते. बरोबर-चूक अशी खूण करत नाही, उत्तरं तेवढी टिपून घेते. काही वह्यांत २६ असतंच. पण कोणत्या मुलाला काय आणि कसं शिकवायचं, हे मला बाकीच्या उत्तरांवरून कळतं. ती साधारण अशी असतात : ३४, ३६, ८०, २७ आणि ८.

३४ लिहिणाऱ्या मुलाला मी म्हणते, "कसं केलंस, मला करून दाखव." तो सांगतो, "बाई, तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन घालवले." ३६ लिहिणारी मुलगी हातचा बरोबर घेते, तेरातून सात घालवून सहा लिहिते, मात्र पाचाचे चार करायचे राहून जातात. दोघांचं उत्तर चुकलेलंच, पण दोघांची गरज अगदी वेगळी. पहिल्याला अजून दशक मोडता येतो हेच माहीत नाही. दुसरीला ते माहीत आहे. मोडलेल्या दशकाची नोंद तिच्याकडून राहते. दोघांना एकत्र बसवून फळ्यावर तीच रीत पुन्हा सांगितली, तर पहिल्याला ती कळत नाही आणि दुसरीला ती आधीच येत असते.

म्हणून उदाहरणाचे आकडेही विचारपूर्वक घ्यावे लागतात. त्रेपन्नऐवजी बावन्न घेतले, तर या दोन्ही चुकांचं उत्तर ३५ येतं. सातातून दोन गेले तरी पाच, आणि बारातून सात गेले तरी पाच. एककांच्या अंकांत पाचाचा फरक असला की दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरामागे लपतात. चाचणी काढताना एवढं पाहिलं तरी वही बरंच बोलते.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुकणारं मूल पुष्कळदा आकडे कसेही लिहीत नसतं. ते एक चुकीचा नियम काटेकोरपणे पाळत असतं, हे त्यांनी दाखवलं. शिक्षकासाठी ही मोठी आशेची गोष्ट आहे. नियम पाळणाऱ्या मुलाला नवा नियम पटवता येतो.

३४ वाल्या गटापुढे मी खराट्याच्या काड्या ठेवते. दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि तीन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." दोन गठ्ठे पटकन हातात येतात. सात सुट्या काही मिळत नाहीत. इथे मी गप्प राहते. कुणीतरी रबर काढायचं का म्हणून विचारतं. ते मुलांनीच सुचवायला हवं. मी सांगितलं तर ती बाईंची रीत होते.

३६ वाल्या गटाला काड्या मोजण्यात घालवायला वेळ नसतो. त्यांना मी जोडीने बसवते. एकाने गठ्ठा सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने वहीत पाच खोडून चार लिहायचे. हाताची कृती आणि कागदावरची खूण एकाच वेळी झाली, की दशक कमी करणं सहसा विसरत नाही.

८० म्हणजे मुलाने बेरीज केली. त्याला रीत शिकवण्याआधी प्रसंग द्यावा लागतो : खिशात ५३ रुपये होते, २७ खर्चले, उरलेले ५३पेक्षा जास्त असतील की कमी? उत्तराचा अंदाज आधी, आकडेमोड नंतर. २७ लिहिणारं मूल बहुधा बोटांवर एकेक उलटं मोजतं आणि त्रेपन्नलाच 'एक' म्हणून सुरुवात करतं. त्याच्यासाठी शंभर मण्यांची माळ. ५३ वरून वीस मागे, म्हणजे ३३. तीन मागे, ३०. आणखी चार मागे, २६.

आणि ८? या मुलाची वजाबाकी चोख आहे. त्याने त्रेपन्न ऐकून ३५ लिहिलं आणि त्यातून २७ घालवले. आपल्या संख्यानामांत एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या 'वीस एक' अशीही वाचायला दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. पण ज्याने वर्गात अशा वह्या पाहिल्या आहेत, त्याला त्या बदलामागची काळजी समजते. या मुलाला वजाबाकी शिकवू नये. त्याला संख्या ऐकून गठ्ठे मांडायला द्यावेत.

एका वर्गात पाच गट चालवणं सोपं नसतं, विशेषतः द्विशिक्षकी शाळेत, जिथे समोर दोन इयत्ता असतात. पण मूल जिथे आहे तिथून शिकवण्याचा उपयोग होतो, याला मुंबईचाच दाखला आहे. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांचे गुण वाढले होते, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला होता.

काही दिवसांनी मी ८४ वजा ३८ देते. जुना नियम टिकून असेल तर ५४ येतं, दशकाची नोंद राहिली असेल तर ५६. उत्तर ४६ आलं, की काड्या काढून घ्यायच्या. साहित्य कधी थांबवायचं हाही पद्धतीचाच भाग आहे. नाहीतर मूल काड्यांशिवाय वजाबाकीला हातच लावत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपण पद्धतींवर पुष्कळ बोलतो : कृतियुक्त, गटकार्य, खेळातून शिक्षण. यांतली एकही पद्धत मुळात चांगली किंवा वाईट नसते. काड्या ३४ वाल्याला तारतात आणि ८ वाल्या मुलाच्या हातात वजाबाकीसाठी दिल्या तर त्याचा वेळ फुकट जातो. तेव्हा परिषदेला येताना प्रत्येकाने चुकलेल्या चार वह्या आणाव्यात, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकासमोर उघडाव्यात आणि एवढंच विचारावं : हे मूल कोणता नियम पाळतंय? पद्धतीची चर्चा त्यानंतर करावी.